गेनबा कोन बदलतो

बोरपाडळी नावाचं एक गाव होतं आणि तिथे गेनबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? आई एकदा म्हणाली, "गेनबा, दुधावर नजर ठेव." गेनबानं नजर ठेवली. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली, दूध ओट्यावरून खाली गेलं. गेनबाची नजर दुधावरच होती. ते मोरीपर्यंत गेलं तेव्हा हाही मोरीपर्यंत गेला.

मला विचाराल तर यात गेनबाचं काही चुकलं नाही. पण मला कुणी विचारलं नाही. आईनं त्याला मामाच्या दुकानात कामाला धाडलं.

मामांचं नाव बाजीराव मिस्त्री. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं दुकान होतं, सुस्वर साउंड सर्व्हिस. नवे प्लॅस्टिकचे स्पीकर मामा दुकानाच्या पायरीवरही ठेवू देत नसत. त्यांच्याकडे यायचे ते जुने, लाकडी, धान्याच्या कणगीएवढे डबे. अशा डब्याच्या पोटात ताटाएवढा मोठा स्पीकर असतो, त्याला वूफर म्हणतात. ढोलाचा धूम आणि मृदंगाचा घुमार त्याच्यातून येतो. तो बिघडला की गाणं ऐकू येतं, पण पोटातून येत नाही, नाकातून येतं. असे बिघडलेले वूफर मामा पुन्हा बोलते करायचे. मामांचा हात चांगला होता. तोंडही मोठं होतं. ते ओरडायला लागले की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस गिरणी बंद करून ऐकत बसायचा.

मामांना एक मुलगी होती, शेवंता. गेनबाला शेवंता आवडायची आणि शेवंतालाही गेनबा आवडायचा. "सांगितल्यालं पुरं ऐकनारा गडी आख्ख्या तालुक्यात ह्यो एकच हाय," असं ती मैत्रिणींना सांगायची. आईनं भावाजवळ गोष्ट काढली. मामांनी गेनबाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि उसासा टाकला.

"आक्का, ज्या दिवशी ह्यो एक डबा एकट्यानं, धड, दुरुस्त करील, त्या दिवशी सुपारी फोडू."

गेनबा उठला, बाहेर गेला. ठक्, ठक्, ठक् असा आवाज आला. मग तो रुमालात काहीतरी बांधत आत आला.

"काय केलंस रं?"

"सुपारी फोडली मामा. डबा व्हईल तवा व्हईल. एक काम तर हलकं झालं."

तेव्हापासून ती फोडलेली सुपारी गेनबाच्या खिशात असे.

आता डबा. पहिलाच डबा आला तो भजनी मंडळाचा. आवाज सगळा फाटलेला. मामांनी ऐकला, मान हलवली आणि चहाला निघता निघता म्हणाले, "गेन्या, ह्या डब्याचा कोन बदलून ठेव."

"व्हय मामा," गेनबा म्हणाला.

शाळेत गेनबा भूमितीपर्यंत पोचला होता. कोन त्याला ठाऊक होता. डबा रस्त्याकडे तोंड करून होता, तो त्यानं भिंतीकडे फिरवला. लावून बघितला, आवाज फाटकाच. गिरणीकडे फिरवला. फाटकाच. मग आडवा केला, तिरका केला, खाली विटा लावल्या, शेवटी उलटा केला. डबा जड होता. गेनबाला घाम फुटला, पण कोन बदलायचं काही त्यानं सोडलं नाही.

मामा आले तेव्हा डबा डोक्यावर उभा होता आणि गेनबा त्याला दोन्ही हातांनी धरून होता.

"ह्ये काय?"

"कोन बदलला मामा. ह्यो न्हाई पटला तर सांगा. अजून पुष्कळ हैत."

गिरणी बंद झाली.

"अरं माठ्या! कोन म्हंजी पडदा! आतला कागदाचा पडदा! त्यो थरथरतो तवा आवाज निघतो. पडदा फाटल्याला दिसला की बिलेड घ्यायचं, कडंकडंनं कापायचा, जुना काढायचा आनि नवा बसवायचा. कोन बदल म्हनलं की पडदा बदल! कळलं?"

"व्हय मामा. ध्यानात ठेवतो."

आणि गेनबानं ध्यानात ठेवलं. सगळी अडचण तिथेच होती. विसराळू असता तर सुखी झाला असता, आणि मामाही झाले असते.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला ताराबाई सिस्टरांकडे पाठवलं. ताराबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा डबा होता, तो दुकानात आणायचा होता. ताराबाईंना साखरेचा आजार. गोडाकडे आपण बघतसुद्धा नाही असं त्या गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, आणि दुसरं कुणी बघितलं तर त्याला पथ्यावर भाषण द्यायच्या.

गेनबा गेला. दार उघडं होतं. दाराला पडदा होता आणि तो खालच्या बाजूला वीतभर फाटला होता. गेनबा थबकला. फाटल्याला पडदा! त्यानं खिशातून ब्लेड काढलं, आणि कडेकडेनं, अगदी हलक्या हातानं, एकही दोरा न ओढता पडदा कापून काढला. वरची कडा कड्यांना लटकत राहिली, बाजूच्या कडा लोंबत राहिल्या, मधलं सगळं मोकळं झालं.

मोकळ्या चौकटीतून गल्लीला ताराबाई दिसल्या. त्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर लाडवांचा डबा होता, तोंडात आख्खा बेसनाचा लाडू होता आणि पुढचा हातात तयार होता. गल्लीतल्या बायका नळावर होत्या. भांडी भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही.

"सिस्टर, नवा पडदा द्या. बसवून देतो," गेनबा म्हणाला.

ताराबाईंना बोलता येईना. तोंडात लाडू होता.

संध्याकाळी त्या दुकानात आल्या आणि तोंड मोकळं असल्यामुळे बराच वेळ बोलल्या. त्या गेल्यावर मामांनी गेनबाला समोर बसवलं.

"गेन्या, लेका, पडदा दिसला की कापत सुटायचं नसतं. आधी आवाज ऐकायचा. साफ असंल तर हात लावायचा न्हाई. खरखर असंल तर आतली कॉइल, म्हंजी तारंची गुंडाळी, घासत असती. मग काय करायचं? बोटं मधोमध ठिवायची आनि हलकंच दाबायचं. वर, खाली, वर, खाली. सगळीकडनं सारखं. घासल्यालं बोटाला कळतं. तवर बिलेड काढायचं न्हाई."

"आधी आवाज ऐकायचा. खरखर असंल तर मधोमध दाबायचं. व्हय मामा. ध्यानात ठेवतो."

चार दिवस बरे गेले, कारण मामा दुकानातच होते. पाचव्या दिवशी ते जेवायला घरी गेले आणि दुकानात वसंतराव आले. वसंतराव म्हणजे गावचे पुढारी. त्या संध्याकाळी त्यांची सभा होती, आणि त्याआधी तीन गावांत सभा करून आल्यामुळे त्यांच्या घशातून नुसती खरखर येत होती.

"मिस्त्री हैत का?" वसंतराव खरखरले.

गेनबानं कान टवकारले. "परत बोला."

"मिस्त्री. हैत का."

"कॉइल घासतीया," गेनबा म्हणाला. "हितं टेबलावर या. उताणं पडा."

वसंतराव पुढारी होते. कुणी या म्हटलं, आडवं व्हा म्हटलं, की आपलं काहीतरी कौतुक होणार असं त्यांना वाटायचं. ते टेबलावर उताणे झाले. गेनबानं त्यांच्या सदऱ्याचं एक बटण काढलं, पोटाच्या मधोमध दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि हलकेच दाबायला सुरुवात केली. वर, खाली. वर, खाली. सगळीकडून सारखं.

आता वसंतरावांना गुदगुल्या फार होत. ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हती. ते आधी खिदळले, मग किंचाळले, मग पाय झाडायला लागले.

"हलू नका," गेनबा म्हणाला, "घासल्यालं बोटाला कळत न्हाई. आता पालथं व्हा. मागनं चुंबक बघतो."

मामा परत आले तेव्हा वसंतराव पालथे होते. संध्याकाळी सभा झाली, पण वसंतरावांना प्रत्येक वाक्यामागे उचकी लागत होती आणि उचकी लागली की हसू येत होतं. ते दुष्काळावर बोलत होते.

"गेन्या!" मामा म्हणाले. ओरडून ओरडून आता त्यांचाही घसा दुखायला लागला होता. "मानूस दाबायचा नसतो रं! आवाज बसला असंल तर कोमट पान्यात मीठ घालून गुळन्या करायच्या. वर आल्याचा काढा प्यायचा. गळ्याला मफलर गुंडाळायचा, गार वारं लागू द्यायचं न्हाई. आवाज बसला की ह्यो उपाय!"

"आवाज बसला की गुळन्या, काढा, मफलर. व्हय मामा. ध्यानात ठेवतो."

"आनि मानूस येगळा, डबा येगळा," असंही मामा म्हणाले. पण ते म्हणताना ते पाणी पीत होते, त्यामुळे गेनबाला नुसतं गुळगुळ ऐकू आलं. ती त्याला गुळण्यांचीच खूण वाटली.

आता खरी गोष्ट सांगतो. दुकानाच्या मागच्या खोलीत सागवानी डब्यांची एक जोडी होती. पूर्वी गावोगाव तंबू टाकून सिनेमा दाखवायचे, त्या तंबूतले ते डबे. मामा तरुणपणी तिथे मशीन चालवायला होते. पुढे तंबू बंद पडला आणि मालकानं जाताना डबे मामांच्या हवाली केले. मामांनी ती जोडी कधी कुणाला भाड्यानं दिली नाही. शेवंता जन्मली त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं होतं, की हिच्या लग्नात सनई-चौघडा वाजेल तो ह्या जोडीवर. एक डबा ठणठणीत होता. दुसऱ्याची कड कुजली होती आणि त्याचा आवाज खोल गेला होता. मामा त्याला दर सणाला तेल-पाणी करायचे, पुसायचे, पण उघडायचे नाहीत. शेवंताचं ठरेल तेव्हा उघडू, म्हणायचे.

एका सकाळी मामा शहराला निघाले. त्या डब्यासाठी नवा पडदा आणि कॉइल आणायची होती. मनात गेनबाबद्दल थोडी आशा होती म्हणूनच निघाले होते, ही गोष्ट लक्षात ठेवा. जाता जाता म्हणाले, "गेन्या, मागच्या डब्याचा आवाज बसलाय. मी येईस्तवर जरा बघ त्येच्याकडं."

बघ म्हणजे धूळ पूस. पण तसं मामा म्हणाले नाहीत. ते म्हणाले, आवाज बसलाय.

संध्याकाळी मामा आले तर दुकानात आल्याचा घमघमाट. मागच्या खोलीत डबा उताणा होता आणि त्याला मामांचाच लोकरी मफलर गुंडाळलेला होता, दोन वेढे आणि पुढे गाठ. शेजारी रिकामा तांब्या होता, काढ्याचं पातेलं होतं. गेनबा डब्याला थोपटत होता.

"गुळन्या दिल्या मामा. पर भाईर टाकंना. गिळलं त्यानं."

मामांनी मफलर सोडला. आत कागदाच्या पडद्याची लापशी झाली होती. मामांनी डबा उभा केला आणि त्याच्या मागच्या भोकातून मिठाचं पाणी आणि काढा भळभळ वाहिला.

गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि वाट बघितली. पण मामा ओरडले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि मफलर पिळत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गेनबाला पहिल्यांदा भीती वाटली. ओरडणाऱ्या मामांची त्याला सवय होती, या मामांची नव्हती.

"गेनबा, तू घरी जा," मामा हळूच म्हणाले. "तुजी सुपारीबी घिऊन जा. कवठेवाडीचं स्थळ आलंय शेवंताला. मी त्यास्नी होकार कळवतो."

गेनबा उठला. घरी जा म्हटल्यावर त्याला दुसरं काही येत नव्हतं. तेवढ्यात शेवंता दारात आली.

"आबा, तुमी सांगता अर्धं आनि त्यो करतो पुरं. चूक कुनाची?"

"मग तू सांग पुरं!" मामा म्हणाले. "उद्या मी बाजारला जातो. हितं पिशवीत नवा पडदा हाय, कॉइल हाय. परवा सकाळी डबा बोलला तर सुपारी. न्हाई बोलला तर कवठेवाडी."

दुसऱ्या दिवशी मामा बाजारला गेले. गेनबा खोलीत डब्यासमोर बसला. शेवंता उंबऱ्यावर मेथी निवडायला बसली. डब्याला तिनं हात लावायचा नाही, एवढीच मामांची अट होती. बोलायचं नाही, अशी नव्हती.

"बिलेड घे. उजव्या हातात. तुज्या समोर डबा हाय, त्या डब्यातला सगळ्यात मोठा स्पीकर, त्याला वल्ला झाल्याला कागद चिकटलाय. त्यो कडंकडंनं काप. दुसरं कायबी कापू नगंस."

गेनबानं कापलं. दुसरं काहीही कापलं नाही.

"आता खरवडून साफ कर. आता फुंकर मार. धुरळा जाईस्तवर. गेला? मग थांब की फुंकायचा."

असं चाललं. शेवंता दूध उतरवायला घरी जाताना म्हणाली, "थांब हं," तर ती परत येईपर्यंत गेनबाचा हात हवेत तसाच होता आणि बोटावरची माशीही त्यानं उठवली नाही. कॉइल बरोबर मधोमध बसावी म्हणून तिच्या आतून पातळ फिल्मच्या पट्ट्या घालाव्या लागतात. फिल्म नव्हती. भिंतीला मामांच्या कमरेचा एक्स-रे टांगलेला होता. शेवंता म्हणाली, त्याच्याच पट्ट्या काढ. मग मामांच्या कमरेच्या आधारानं कॉइल मधोमध उभी राहिली. सगळ्या कडेनं गोंद फिरला. नवा पडदा बसला. शेवटी बॅटरीतला सेल तारांना लावून बघितला, तर पडदा थोडासा पुढे आला. पुढे आला म्हणजे तारा बरोबर, मागे गेला असता तर उलट्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गेनबाला हसू आलं आणि त्यानं विचारलं, "हसू का?"

"हस," शेवंता म्हणाली.

मग तिनं शेवटचं सांगितलं, बोटं मोजत, पुरं. "आता ध्यान दे. नवा पडदा ढिला वाटला तर कडंनं गोंद लावायचा. गोंद लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपतुर सुकू द्यायचा. तवर कुनाला हात लावू द्यायचा न्हाई. कुनी वढाय लागलं तर वढू द्यायचा न्हाई, मग त्यो कुनीबी असू दे. ह्ये नेहमीसाठी ध्यानात ठेव."

सगळं बरोबर सांगितलं. एकच शब्द जास्त झाला.

"नेहमीसाठी," गेनबा म्हणाला. "व्हय."

मामा बाजारातून आले आणि आल्याआल्या डब्याकडे हात नेला. गेनबानं त्यांचे दोन्ही हात धरले. मामा चिडले, ओढाताण केली, शेवटी दमले. त्यांनी त्या दिवशी शेवंताच्या हातून घास घेतले आणि गेनबाला टेकून झोपले. सकाळ झाली तेव्हा गेनबानं हात सोडले, पट्ट्या हळूच काढल्या आणि जुनी सनईची तबकडी लावली.

डबा बोलला. आधी सनई आली आणि मग खालून, पोटातून, चौघड्याचा तो धूम आला. शेल्फावरचे स्क्रू नाचायला लागले. मामांना तंबू आठवला, माणसं आठवली, भरून आलं. त्यांनी डोळे पुसले.

"फोडा सुपारी," मामा म्हणाले.

गेनबानं रुमाल सोडला. "फोडल्याली हाय मामा."

लग्न ठरलं. मांडव पडला. दोन बाजूंना दोन सागवानी डबे उभे राहिले आणि त्यांच्यातून असा चौघडा घुमायला लागला की ताराबाई सिस्टरांनी लाडू उघड्यावर खाल्ला. वसंतराव आले, पण ते गेनबापासून लांब बसले आणि पोटावर हात ठेवून बसले.

गुरुजींना घाई होती. त्याच दिवशी पुढचा मुहूर्त कवठेवाडीला होता. शेवंताला आलेल्या त्या स्थळाला दुसरी मुलगी मिळाली होती, तिचं लग्न. जीप बाहेर उभीच होती. दुसरे भटजी आलेच नाहीत, म्हणून अंतरपाटाचं एक टोक गुरुजींनी धरलं. दुसरं टोक नवऱ्याचे मामा म्हणून मामांनी धरलं. नवऱ्याचे मामा तेच, नवरीचे वडील तेच. एका बाजूला हार घेऊन गेनबा, दुसऱ्या बाजूला हार घेऊन शेवंता, मधे स्वस्तिक काढलेलं कोरं पांढरं कापड.

"अंतरपाट मधे ढिला पडतोय, मिस्त्री," गुरुजी म्हणाले.

मामांची जीभ धंद्याची. ते म्हणाले, "पडदा नवा हाय गुरुजी. जरा ढिला असनारच."

गेनबानं कान टवकारले. नवा पडदा. ढिला.

त्यानं हार गळ्यात अडकवला आणि मुंडावळ्या सारून फेट्यातून गोंदाची नळी काढली. लग्नाला गोंद कशाला, असं तुम्ही विचाराल. गेनबाला कुणी ठेवून ये असं सांगितलं नव्हतं.

मंगलाष्टकं लांबली. गुरुजींची आठ झाली, मग शेवंताच्या आत्यांनी आपापली सुरू केली. गेनबानं कडेकडेनं गोंद फिरवला. या टोकाला मामांच्या दोन्ही मुठी कापडासकट, त्या टोकाला गुरुजींच्या. मामांचे डोळे भरून मिटलेले होते, हाताला गार लागलं तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी अत्तर लावतंय. अत्तराला असा वास कसा, असं गुरुजींच्या मनात आलं, पण मंगलाष्टक मधे थांबवता येत नाही.

शेवटचं सावधान झालं. अक्षता पडल्या. सनई चढली. अंतरपाट बाजूला व्हायची वेळ झाली.

गुरुजींनी ओढला, तर मामा आले. मामांनी ओढला, तर गुरुजी आले.

"वढू नका!" गेनबा ओरडला आणि त्यानं दोन्ही हातांनी पडदा धरला. "कुनीबी असू दे, वढायचा न्हाई! वल्ला हाय!"

पलीकडून शेवंता म्हणाली, "गेनबा, काय केलंस?"

"नवा पडदा घट्ट केला."

"कुनी सांगितलं?"

"तूच की. नेहमीसाठी."

शेवंतानं जीभ चावली. पण हुशार मुलगी होती. कापड हलत नसेल तर आपण हलावं. गेनबानं जागा बदलली, एका अंगानं वळून आला, की झालं. लग्नाची घाई, वर सनई, वर आत्या रडत होत्या, त्यात तीसुद्धा अर्धंच बोलली.

"आरं, उभा काय राहिलास! कोन बदल!"

मामांनी ते ऐकलं. "न्हाई!" ते ओरडले. "गेन्या, न्हाई!"

पण कोन म्हणजे काय, ते मामांनीच शिकवलं होतं. गेनबानं ब्लेड काढलं आणि कडेकडेनं, एकही दोरा न ओढता, अंतरपाट कापला. स्वस्तिकासकट मधलं कापड खाली पडलं. मामा आणि गुरुजींच्या मुठींत कडांची चौकट तेवढी राहिली आणि चौकटीच्या पलीकडे शेवंता दिसली. मांडवात टाळ्या पडल्या. शेवंतानं लाजत हार वर केला.

"थांब," गेनबा म्हणाला. "अजून नवा बसवायचाय."

त्यानं गुरुजींच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, चौकटीवर पसरलं, गोंद फिरवला आणि चारी बाजूंनी दाबून बसवलं. शेवंता पुन्हा दिसेनाशी झाली. गेनबा दोन पावलं मागे सरला आणि समाधानानं बघत राहिला. या खेपेस पडदा अजिबात ढिला नव्हता.

बाहेर जीपनं हॉर्न वाजवला. कवठेवाडीचा मुहूर्त टळत होता. गुरुजी निघाले, तेव्हा पडदा निघाला, आणि पडद्याबरोबर मामाही निघाले. तिघं आडवे होऊन मांडवाच्या दारातून बाहेर पडले. पडदा कुणी ओढत नव्हतं, नुसता तसाच नेत होते, म्हणून गेनबानंही अडवलं नाही. मामा मान वळवून काहीतरी ओरडत होते, पण मागून दोन्ही डबे असे घुमत होते की कुणाला काही कळलं नाही.

पडदा गेल्यावर गेनबा आणि शेवंता समोरासमोर राहिले. शेवंतानं हार घातला. गेनबानंही घातला. असं ते लग्न एकदाचं लागलं.

कवठेवाडीला मांडव खोळंबला होता. गुरुजी उतरले तेच अंतरपाट धरून उतरले, तेव्हा तिथल्या लोकांना त्यांच्या तयारीचं कौतुक वाटलं. दुसरं टोक धरायला माणूसही बरोबर आणला होता. नवरानवरीला दोन बाजूंना उभं केलं आणि लगेच मंगलाष्टकं म्हटली. सावधान झालं. अक्षता पडल्या. बँड वाजला, वाजला आणि थांबला. पडदा जिथल्या तिथे.

नवरीचा बाप पुढे आला. "अहो पाव्हणं, सरकवा की पडदा!" असं म्हणून त्यानं कापडाला हात घातला.

मामा दचकून मागे सरले. ओरडून ओरडून त्यांचा आवाज पार बसला होता. त्याच खरखरत्या आवाजात ते म्हणाले,

"हात लावू नगासा. उद्या सकाळपतुर सुकायचा हाय."